समुद्राकाठचे स्वस्त शहर आणि किल्लारीची खतावणी

लातूरच्या आडतीत माल बाजारभावाहून स्वस्त निघाला, की जुना व्यापारी भाव ठरवण्याआधी पोत्याच्या तळापर्यंत हात घालतो. वरची तूर टपोरी आणि खालची किडकी, हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. हीच सवय परदेशातील घरखर्चाच्या हिशेबालाही लावावी, अशी वेळ लातूर, औसा, किल्लारी, उमरगा या पट्ट्यातील व्यापारी घरांवर आता येऊ लागली आहे. मुलगा शिकतो, नोकरीच्या किंवा व्यापाराच्या निमित्ताने बाहेर जाण्याचा विचार मांडतो आणि घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, तो खर्चाचा. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर ही नावे हिशेबाच्या पहिल्याच पानावर गळून पडतात. मग समुद्राकाठचे, स्वच्छ, सुरक्षित आणि ‘परवडणारे’ शहर म्हणून जपानमधील कोबेचे नाव पुढे येते. तेथे जैन मंदिर आहे, हे कळल्यावर आईचाही विरोध निम्मा मावळतो.

हे ‘परवडणारे’ नेमके कोणाला, हे आधी पाहिले पाहिजे. २०११ मध्ये एका डॉलरला ८० येनही मिळत नव्हते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच डॉलरला १६० येन मिळू लागले. म्हणजे ज्याच्या खिशात डॉलर आहे, त्याच्यासाठी जपान अक्षरशः निम्म्या किमतीचा झाला. ‘जपान स्वस्त झाला’ ही बातमी जगभर पसरली ती या कारणाने. रुपयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच काळात रुपयाही डॉलरपुढे नमत गेला. २०११ च्या अखेरीस १०० येनला सुमारे ६८-६९ रुपये पडत होते. २०२५ च्या अखेरीस ५७-५८ रुपये पडत होते. चौदा वर्षांत रुपयावाल्याला मिळालेली सूट ही एवढीच, शेकडा सोळा-सतराच्या आसपास. परक्याच्या नाण्यात मोजलेली स्वस्ताई आपल्या वहीत जशीच्या तशी उतरत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. तरी अशी चूक सुशिक्षित घरांतूनही होते.

कोबे हे नाव जैन घरांना अगदी अपरिचित नाही. १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले. रोक्को पर्वताची रांग आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या या शहरात भारतीय व्यापाऱ्यांचा ओघ वाढला तो १९२३ नंतर. त्या वर्षी १ सप्टेंबरला झालेल्या भूकंपाने टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले आणि योकोहामात कापड-रेशमाचा व्यवसाय करणारे अनेक भारतीय कोबेला येऊन स्थिरावले. पुढे मोत्यांच्या व्यापाराने येथे जैन व्यापारी आले. जपानी कल्चर्ड मोत्यांची निवड, छिद्रण आणि माळा ओवण्याचे काम प्रामुख्याने कोबेत होते; उत्तरेकडील डोंगरावरून परावर्तित होणारा मऊ प्रकाश मोत्याची प्रत पारखायला उत्तम, असे तेथील व्यापारी सांगत आले आहेत. मोत्यासाठी शिंपल्याचा जीव जातो, हा प्रश्न अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजाला टाळता येणार नाही. तो प्रत्येक घराने आपल्या मनाशी सोडवायचा आहे, आणि नव्याने त्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या तरुणाने तर जाण्यापूर्वीच.

या व्यापाऱ्यांनी १९८५ मध्ये किटानो भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभारले. चढणीच्या अरुंद रस्त्यावर, जुन्या विलायती धाटणीच्या घरांच्या सान्निध्यात ते शिखर दिसते. जवळच्याच परिसरात १९३५ मध्ये बांधलेली मशीद आहे, शहरात गुरुद्वाराही आहे. परदेशात गेलेल्या मुलाला देवदर्शन चालत जाऊन घडावे, ही सोय जगातील फार थोड्या समुद्राकाठच्या शहरांत आहे. तिची किंमत मात्र भाड्यात मोजावी लागते, कारण मंदिराच्या पायी अंतरात घर म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात घर.

भाडे आणि छप्पर

कोबेत एका माणसापुरती एक खोली, आत छोटी मोरी आणि एका शेगडीचा ओटा, अशी जागा महिना साधारण ५० ते ६५ हजार येनला मिळते. तिचे क्षेत्रफळ २० ते २५ चौरस मीटर, म्हणजे २१५ ते २७० चौरस फूट. हा आकडा किल्लारीकरांच्या ओळखीचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसित गावांत भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांना जे घर दिले गेले, ते २५० चौरस फुटांचे होते. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ४५० आणि मोठ्या खातेदारांना ७५०. त्या २५० चौरस फुटांत संसार मावत नाही म्हणून गावोगावी किती तक्रारी झाल्या, हे अजूनही आठवत असेल. तेवढीच जागा कोबेत तीस हजार रुपयांहून अधिक मासिक भाड्याने मिळते आणि तिला स्वस्त म्हणतात. पती-पत्नी आणि दोन मुलांना पुरेल असे पन्नास-साठ चौरस मीटरचे घर मध्यवर्ती भागात घ्यायचे, तर १ लाख ते १ लाख ४० हजार येन धरावे. टोकियोत तशाच घराला दीडपट ते दुप्पट पडते. कोबेच्या स्वस्ताईचा मुख्य आधार हा एवढाच आहे.

भाड्याहून मोठा धक्का पहिल्या दिवशी बसतो. जपानी करारात ‘शिकिकिन’ ही अनामत असते. ती आपल्याकडील डिपॉझिटसारखी. ‘रेइकिन’ मात्र घरमालकाला कृतज्ञता म्हणून द्यायची रक्कम असते आणि ती कधीच परत मिळत नाही. त्यावर दलालाची एक महिन्याच्या भाड्यापर्यंतची फी, जामीन राहणाऱ्या कंपनीचा आकार, आगविम्याचा हप्ता आणि पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे. कान्साई प्रांतात ‘शिकिबिकी’ नावाची आणखी एक प्रथा आहे : घर सोडताना अनामतीतून ठरलेली रक्कम कापूनच घ्यायची, नुकसान झालेले असो वा नसो. २०११ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने, रक्कम अवाजवी नसेल तर ही प्रथा वैधच ठरवली. १ लाख १० हजार येन भाड्याच्या घरात पाय ठेवण्यापूर्वी पाच-सहा लाख येन, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास रक्कम हाती लागते. यातून मार्ग आहे तो ‘यूआर’ या सरकारी गृहसंस्थेच्या घरांचा. तेथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीन नाही आणि कराराच्या नूतनीकरणाची फीही नाही. फक्त ठराविक मासिक उत्पन्न किंवा बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. परदेशी म्हणून घर नाकारणारे खासगी मालक अजूनही भेटतात, हे लक्षात घेता नव्या कुटुंबाने आधी या संस्थेच्या कचेरीत जावे हे बरे.

जाहिरातीतील सर्वांत स्वस्त घरांपाशी थांबून एक गोष्ट पाहायला हवी. जपानी घराच्या जाहिरातीत बांधकामाचे वर्ष छापलेले असते आणि भाडे जितके कमी, तितके ते वर्ष बहुधा मागचे. १ जून १९८१ पासून जपानमध्ये भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम लागू झाले. त्या तारखेनंतर परवाना मिळालेली इमारत आणि त्यापूर्वीची इमारत यांतील फरक किती मोठा आहे, हे कोबेने १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी पाहिले. त्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. बहुसंख्य मृत्यू घरे अंगावर कोसळून झाले, आणि कोसळलेली घरे प्रामुख्याने जुनी, लाकडी, वर मातीत बसवलेल्या जड कौलांची होती.

त्याच्या अवघ्या सोळा महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीत काय घडले ते येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपतीचे विसर्जन आटोपले होते, दिगंबर घरांतील दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती आणि माणसे दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार जीव गेले. माती आणि ओबडधोबड दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान् पिढ्या माती टाकून जड झालेले माळवद. तेच माळवद खाली आले. वाड्याची जाड भिंत ही श्रीमंतीची खूण मानली जात होती. तीच भिंत ढासळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या साहाय्याने दोन जिल्ह्यांत पुनर्वसनाचे मोठे काम झाले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने या भागातील १,२०० मुलांना पुण्यास नेले आणि त्यांच्या शिक्षणाची, निवासाची जबाबदारी उचलली. त्या वेळी पाचवीत शिकत असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचीच मुले आता महाविद्यालयात आहेत आणि बाहेर जाण्याचा विषय काढत आहेत.

म्हणून किल्लारीच्या घराने कोबेचे भाडे पाहताना येनच्या आकड्याआधी इमारतीचे वर्ष पाहावे. जपानी कायद्याने दलालाला करार करण्यापूर्वी महत्त्वाच्या बाबी समजावून सांगाव्या लागतात. इमारत १९८१ पूर्वीची असेल आणि तिची भूकंपरोधक तपासणी झालेली असेल, तर तिचा निष्कर्ष सांगणे त्यात येते. हा प्रश्न दुभाष्यामार्फत का होईना, पण विचारावाच. १९९५ नंतर शहराचा मोठा भाग नव्याने बांधला गेल्यामुळे चांगल्या इमारती कोबेत पुष्कळ आहेत. महिना पंधरा-वीस हजार येन वाचवण्यासाठी जुन्या लाकडी घराच्या तळमजल्यावर मुलाला ठेवणे, हा हिशेब किल्लारीत तरी कोणी मांडू नये. आगविम्याला जोडून भूकंपाचा विमाही घेता येतो; त्याची भरपाई मूळ विम्याच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंतच असते आणि भाडेकरूसाठी तो घरातील सामानापुरता असतो.

चूल

घरखर्चाच्या तक्त्यांत ‘अन्न’ हा एक आकडा असतो. तो ज्याने लिहिला तो सहसा सर्व काही खाणारा असतो. जैन घराने तो आकडा खोडूनच सुरुवात करावी.

कोबेत बाहेरचे जेवण स्वस्त आहे. हजार येनच्या आत पोटभर ताट मिळते. पण त्या ताटातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क. वरवर निव्वळ भाजीचे दिसणारे सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भोपळ्याची वाटी, सगळ्यांत ती असते. पावात डुकराची चरबी असू शकते, तयार करीच्या वड्यांत गाईची. म्हणून स्वस्त बाहेरचे जेवण जैन कुटुंबाच्या वहीत शून्य धरावे आणि तीन वेळची चूल घरीच पेटवावी. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनाची परंपरा या बाबतीत आपल्या जवळची वाटते. तीत मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही वर्ज्य; कंदमुळे मात्र भरपूर असतात, त्यामुळे तेथेही विचारूनच खावे लागते. शिवाय ते मठांचे आणि खास भोजनगृहांचे महागडे जेवण आहे, रोजचे नव्हे.

तांदूळ हा जपानचा मुख्य आहार, तेव्हा तो तरी स्वस्त असेल, ही समजूत २०२५ मध्ये पुरती मोडली. त्या वसंतात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या पुढे गेली, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. किलोला साडेचारशे रुपयांहून अधिक! बाहेरचा तांदूळ आणावा, तर ठरलेल्या कोट्याच्या पलीकडे किलोमागे ३४१ येन आयात शुल्क. तूरडाळ, गव्हाची कणीक, हिंग, तूप हे सारे भारतीय किराणा दुकानांतून घ्यावे लागते. लातूरच्या डाळ गिरणीतून निघालेली तूरडाळ समुद्र ओलांडून तेथे पोहोचेपर्यंत तिच्यावर भाडे, हमाली, साठवण आणि मधल्या प्रत्येक हाताचा नफा चढलेला असतो, आणि आडतदाराच्या मुलाला वडिलांच्याच बाजारातील डाळ कितीतरी पट भावाने विकत घ्यावी लागते. दूध लिटरला सव्वादोनशे ते अडीचशे येन. फळे तर नगावर मिळतात. एक सफरचंद दीडशे-दोनशे येनला.

स्वस्त काय? कोबी, काकडी, ढोबळी मिरची, मोड आलेली कडधान्ये, आणि टोफू. लातूर जिल्ह्यातील सोयाबीन तेल काढण्यासाठी गिरणीत जाते आणि पेंड पशुखाद्यात. जपानी माणूस त्याच दाण्याचे दूध काढून ते गोठवतो आणि शंभर येनच्या आसपास एक वडी विकतो. पनीरच्या जागी टोफू, नळाचे पिण्यायोग्य पाणी गाळून-उकळून घेण्याची सवय आणि आठवड्याची भाजी संध्याकाळी उशिरा, भाव उतरवल्यावर आणणे, एवढे जमले तर चौघांची चूल महिना ८०-९० हजार येनमध्ये चालू शकेल. अन्नावरील उपभोग कर ८ टक्के आहे, इतर वस्तूंवर १० टक्के.

खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात नसलेली एक बाब मात्र चौविहार पाळणाऱ्या घराला सर्वांत जड जाते. डिसेंबरात किल्लारीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. कोबेत त्याच दिवसांत तो पाच वाजण्याच्या आधीच डोंगराआड जातो. कचेऱ्या सहाला सुटतात. म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर डबा कामाच्या जागी, चारच्या सुट्टीत उघडला पाहिजे, आणि ती सुट्टी प्रत्येक मालक देईल असे नाही. स्वतःच्या पेढीवर बसणाऱ्या मोती-व्यापाऱ्याला हे जमते. नोकरीवरच्या मुलाला हिवाळ्याचे तीन महिने एकतर व्रत सोडावे लागते, नाहीतर संध्याकाळचे जेवण. उन्हाळ्यात उलटे, जूनमध्ये पहाटे पावणेपाचला उजाडते आणि संध्याकाळी सातनंतरही प्रकाश असतो. नवकारशीचा काळ तेव्हा साडेपाचला संपलेला असतो. पर्युषणात तेथे सुट्टी नाही, आणि पायी विहार करणारे साधु-साध्वी समुद्र ओलांडत नाहीत, त्यामुळे चातुर्मास मंदिर आणि पुस्तक यांच्याच आधारे काढावा लागतो. १९८० पासून तेरापंथाच्या समण-समणी परदेशप्रवास करतात, तेवढाच अपवाद.

मुलांच्या शिक्षणाचा खर्च दोन टोकांचा आहे. सरकारी प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळेत परदेशी मुलालाही फी नाही, पुस्तके मोफत. शिवाय मुलामागे दरमहा १० हजार येन, तीन वर्षांखालील मुलाला १५ हजार येन सरकारी भत्ता मिळतो. पण शिक्षण जपानी भाषेत आणि दुपारचे सामुदायिक जेवण मासे-मांसाचे; मुलाच्या हाती रोज घरचा डबा द्यावा लागतो आणि त्याचे कारण शिक्षकांना समजावून सांगावे लागते. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क वर्षाला २० लाख येनच्या पुढे जाऊ शकते. दोन मुले असतील, तर एवढ्या एका निर्णयावर सारा ताळेबंद उलटतो. औषधोपचाराची बाजू त्यामानाने सुखाची आहे : आरोग्यविमा सक्तीचा असून दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग रुग्णाला भरावा लागतो. निवृत्तिवेतनाची वर्गणी मात्र वीस ते साठ वयाच्या प्रत्येकाला, स्वतंत्र व्यवसाय असेल तर पत्नीचीही वेगळी; २०२५-२६ मध्ये ती दरमहा १७ हजार ५१० येन होती. भारतीय कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलेल्या नोकरदाराला २०१६ पासून लागू झालेल्या दोन देशांतील करारामुळे दुहेरी वर्गणीतून सुटका मिळते.

साऱ्याची बेरीज करता, सरकारी शाळा, बाहेरचे जेवण शून्य आणि गाडी नाही असे धरून : भाडे १ लाख १० हजार, वीज-गॅस-पाणी २० हजार, चूल ८५ हजार, फोन आणि प्रवास २५ हजार, विमा व वर्गणी ७० हजार, कपडे आणि किरकोळ २० हजार. एकूण ३ लाख ३० हजार येन, म्हणजे महिना सुमारे १ लाख ९० हजार रुपये. हा अंदाज काटकसरीचा आहे. त्यात भारतात येण्याचे विमानभाडे नाही, लग्नकार्य नाही, आणि शिल्लक तर नाहीच.

गादी तेथे मांडायची असेल तर

नोकरदाराचा हिशेब येथे संपतो. व्यापारी घरातील मुलाचा मात्र येथून पुढे सुरू होतो, कारण त्याला आज ना उद्या स्वतःची पेढी काढावीशी वाटते. पूर्वी व्यवसायाच्या परवान्यासाठी ५० लाख येन भांडवल दाखवले की काम होत असे. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ही अट ३ कोटी येन झाली आहे. त्याशिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी आणि जपानी भाषेचे चांगले ज्ञान, स्वतःचे किंवा कर्मचाऱ्याचे, हेही हवे. ३ कोटी येन म्हणजे सुमारे १ कोटी ७३ लाख रुपये. भारतातून एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तेव्हा मर्यादेत हे बसते. पण १० लाखांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. म्हणजे बत्तीस-तेहतीस लाख रुपये विवरणपत्र भरून वळते होईपर्यंत अडकून राहतात. हंगामात खेळत्या भांडवलावर जगणाऱ्या आडतीतून एवढी रक्कम बाजूला काढणे म्हणजे काय, हे सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत बाजार समितीत उभे राहिलेल्या कोणालाही कळेल.

आणि एक बाब, जिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. जपानमध्ये वारसा कर आहे, त्याचा सर्वोच्च दर ५५ टक्के. थोड्या वर्षांसाठी कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याला भारतातील वारशाची चिंता नसते. परंतु कायम वास्तव्याचा परवाना घेतला, किंवा कामाच्या परवान्यावरही दहा वर्षांहून अधिक काळ गेला, की वडिलांच्या पश्चात लातूरचे दुकान, औशाचा प्लॉट आणि किल्लारीची जमीन यांतील मुलाचा वाटा जपानी कराच्या कक्षेत येऊ शकतो. ३ कोटी येन आणि प्रत्येक वारसामागे ६० लाख येन एवढी सूट आहे; पत्नी आणि दोन मुले मागे ठेवून जाणाऱ्या गृहस्थाच्या घरी ती ४ कोटी ८० लाख येन, म्हणजे पावणेतीन कोटी रुपयांच्या घरात भरते. लहान दुकानदार त्यात सुटेल. बाजारपेठेत दोन-तीन गाळे असलेल्या घराने मात्र मुलाने कायम वास्तव्याचा अर्ज भरण्यापूर्वीच सनदी लेखापालाला गाठावे, मृत्युपत्र लिहावे, आणि भावाभावांत जे बोलायचे ते बोलून घ्यावे. हा विषय अशुभ म्हणून टाळणारी घरे पुढे दोन देशांच्या करखात्यांशी पत्रव्यवहार करत बसतात.

दर वर्षी १७ जानेवारीला कोबेतील एका बागेत पहाटे बांबूंच्या पोकळीत दिवे लावतात आणि ५ वाजून ४६ मिनिटांनी लोक स्तब्ध उभे राहतात. ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी फुले वाहिली जातात. कोबेत राहणाऱ्या किल्लारीच्या मुलाला या दोन्ही तारखा पाठ असणार; दोन्हींना तो एकाच ठिकाणी हजर असू शकत नाही. अडचणीच्या वेळी कान्साई विमानतळावरून निघून, मध्ये विमान बदलून, हैदराबाद किंवा मुंबईला उतरून पुढे रस्त्याने गावी पोहोचायला पुरा एक दिवस आणि बरेचदा दुसऱ्या दिवसाचाही भाग जातो. त्याचे तिकीट ऐन वेळी काढावे लागते, आणि ऐन वेळचे तिकीट कधीच स्वस्त नसते. त्यासाठी वेगळी रक्कम बँकेत नेहमी शिल्लक ठेवावी, ती घरखर्चात धरू नये.

रोजच्या बोलण्याचाही एक हिशेब आहे. कोबेचे घड्याळ साडेतीन तास पुढे चालते. किल्लारीत रात्री साडेआठला दुकानाचे शटर ओढले जाते, तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते. वडील पहाटे उठून सामायिकाला बसतात, तेव्हा मुलगा गाडीत उभा असतो. दोघांना सोयीची वेळ एकच उरते : तिकडे संध्याकाळी सहा वाजता कचेरी सुटते, तेव्हा इकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, आणि दुकानात गिऱ्हाईक नसते.